कचरा डेपोचं काळं पाणी: प्लांट विकत घ्यायच्या आधी

सोलापूर जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेत नुकत्याच रुजू झालेल्या अभियंत्याचा प्रश्न आहे. तो थोडक्यात असा: त्यांचा डेपो साधारण साडेसात एकरांचा आहे. खाली अस्तर नाही, मिश्र कचरा बरीच वर्षं पडलेला. पावसाळ्यात डेपोच्या खालच्या अंगाने काळं पाणी निघून ओढ्याला मिळतं. ओढ्याकाठचे शेतकरी विहिरी बिघडल्याची तक्रार करतात. ऑगस्टमध्ये घेतलेल्या नमुन्यात लिटरला सीओडी (पाण्यातल्या एकूण सेंद्रिय घाणीचं माप) २,८०० मिलिग्रॅम, बीओडी (त्यातला जिवाणू खाऊ शकतील तो भाग) १८०, अमोनिया नायट्रोजन (अमोनियाच्या रूपातला नायट्रोजन) ९०० आणि टीडीएस (विरघळलेले क्षार) १२,००० आला. एका कंपनीने रोज ५० घनमीटर क्षमतेचा आरओ प्लांट (दाबाने पाणी बारीक पडद्यातून गाळणारा) सुचवला आहे. दुसरा पर्याय म्हणून हे पाणी टँकरने शेजारच्या शहरातल्या रोज ५० लाख लिटरच्या सांडपाणी केंद्रात नेण्याचा विचार चालू आहे. दोन्हींतलं काय निवडावं?

माझं उत्तर असं: सध्या दोन्हीही नको. याच भागात सांडपाणी आणि लीचेटचं, म्हणजे कचऱ्यातून झिरपणाऱ्या या काळ्या पाण्याचं, काम करत आलो आहे, त्या अनुभवावरून कारणं सांगतो.

तुमचा खरा प्रश्न ‘हे पाणी शुद्ध कसं करायचं’ हा नाही, ‘एवढं पाणी तयारच का होतंय’ हा आहे. सोलापूरचा पाऊस वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरमध्ये येतो. उरलेलं वर्ष ऊन. अशा ठिकाणी लीचेट हा मुख्यतः चार महिन्यांचा प्रश्न आहे आणि त्याचा आकार बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे. कोकणातल्या डेपोला ही सोय नाही. तिथे मोठा प्लांट टाळता येत नाही. म्हणून तिकडचं डिझाइन जसंच्या तसं इथे आणणं मला पटत नाही.

हिशोब करून बघा. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर, म्हणजे दहा हजार लिटर पाणी. तुमचा डेपो तीन हेक्टरांचा धरू. वर्षाच्या ५५० मिलिमीटरमध्ये त्यावर १६,५०० घनमीटर पाणी पडतं. उघड्या, खडबडीत ढिगात त्याचा एक तृतीयांश मुरतो असं समजा. (हा अंदाज आहे. उतार, दाबणी आणि कचऱ्याचं वय यांवर तो एक चतुर्थांशापासून निम्म्यापर्यंत बदलतो.) म्हणजे ५,५०० घनमीटर, वर्षाच्या सरासरीने रोज १५ घनमीटर. कंपनीने ५० कुठून आणले? बहुधा पावसाळ्यातल्या एखाद्या आठवड्याचा प्रवाह धरून. तो आकडा त्या आठवड्यासाठी खोटा नसेलही. पण मग तो प्लांट वर्षातले सात-आठ महिने उपाशी राहणार. जैविक टाकीतले जिवाणू उपाशी राहिले की मरतात. आरओचे पडदे कोरडे पडून खराब होतात. पुढच्या जूनमध्ये प्लांट पुन्हा चालू करायला महिना-दोन महिने जातात आणि तोवर पाऊस अर्ध्यावर आलेला असतो.

आता त्या तीन हेक्टरांतले दोन हेक्टर बंद करा, म्हणजे नवा कचरा एकाच हेक्टरवर टाका. बंद भागाला उतार द्या आणि मातीने झाका. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये पावसाळ्याआधी ४० ते ६५ सेंटिमीटर मातीचा थर दाबून, उतार देऊन घालायला सांगितलं होतं. रोजच्या कचऱ्यावर किमान १० सेंटिमीटर माती वेगळी. ही तरतूद कागदावर राहते, कारण मे महिन्यात माती आणायला निधी नसतो आणि प्लांटसाठी मात्र स्वतंत्र प्रस्ताव मंजूर होतो. झाकलेल्या दोन हेक्टरांतून थोडं मुरेलच, पण मोजण्यापुरता उघडा एक हेक्टर धरला तर १,८०० घनमीटरच्या आसपास पाणी राहतं, रोजचं पाच घनमीटर. पंधराचे पाच झाले आणि अजून एकही पंप विकत घेतलेला नाही.

यात बाहेरून येणारं पाणी धरलेलंच नाही. बहुतेक डेपो माळावर किंवा जुन्या खाणीच्या खड्ड्यात असतात आणि वरच्या शेतांचं, रस्त्याचं पाणी सरळ ढिगात शिरतं. पहिल्या जोराच्या पावसात छत्री घेऊन डेपोच्या वरच्या बाजूला उभे राहा आणि पाणी कुठून येतंय ते बघा. वरच्या कडेने चर खणून ते स्वच्छ पाणी वळवून ओढ्यात सोडलं की निम्मा त्रास जातो असं मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं आहे. जेसीबीचं थोड्या दिवसांचं काम आहे. चर मुरमात असेल तर मुरूम पाणी पितो, म्हणून तळाला काळी माती दाबून घ्या किंवा दगडी पिचिंग करा.

काळ्या मातीबद्दल इथेच सांगतो, कारण आपल्याकडे तिच्यावर जरा जास्त भरवसा ठेवला जातो. ओली आणि नीट दाबलेली काळी माती पाणी फार थोडं जाऊ देते, हे खरं. पण एप्रिल-मेमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ‘खाली काळी माती आहे, झिरपणार नाही’ असं जे म्हटलं जातं ते जूनच्या पहिल्या पावसात चुकतं. भेगा मिटायच्या आत पाणी थेट मुरमात आणि तिथून खडकात उतरलेलं असतं. म्हणून झाकणाच्या मातीवर गवत येऊ द्या. तळ्याच्या तळाला काळी माती वापरणार असाल तर तिच्यावर प्लास्टिकचं अस्तर हवंच, म्हणजे ती ओली राहते. नियमांप्रमाणे नव्या भरावभूमीला ९० सेंटिमीटर चिकणमातीचा थर आणि त्यावर दीड मिलिमीटर जाडीचा एचडीपीई प्लास्टिकचा पडदा लागतो. डाळिंब-द्राक्षांच्या शेततळ्यांत घालतात तो ५०० मायक्रॉनचा (अर्ध्या मिलिमीटरचा) प्लास्टिकचा कागद स्वस्त पडतो, म्हणून तोच सुचवणारे भेटतील. शेततळ्यात गळती झाली तर पाणी वाया जातं. इथे गळती झाली तर शेजाऱ्याची विहीर जाते. दीड मिलिमीटरवर अडून राहा आणि प्रत्येक सांध्याची चाचणी स्वतः उभं राहून करून घ्या.

आता तुमच्या नमुन्याकडे वळू. त्यात बरंच काही सांगितलेलं आहे. बीओडी भागिले सीओडी केलं तर ०.०६ येतं. ताज्या कचऱ्याच्या लीचेटमध्ये हे प्रमाण अर्ध्याच्या वर असतं, पीएच आम्लाकडे झुकलेला असतो आणि सीओडी दहा-वीस हजार किंवा त्याहूनही जास्त असतो. तसं पाणी जिवाणूंना आवडतं. हवेविना चालणारी टाकी ते छान पचवते. आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांमुळे अशा टाक्या चालवणारी जाणती माणसंही मिळतात. पण तुमचं पाणी म्हाताऱ्या ढिगाचं आहे. जिवाणूंना खाता येईल ते ढिगातच संपलं. उरला तो तपकिरी ह्युमिक भाग, जो कुठलाही जिवाणू सहज खात नाही, आणि अमोनिया. ढिगाच्या आत हवा नसते आणि हवेशिवाय अमोनियाचं काही होत नाही. म्हणून डेपो बंद झाल्यावरही अमोनिया कित्येक वर्षं झिरपत राहतो. थोडक्यात, तुमच्याकडे पचवण्यासारखं काही नाही आणि न पचणारं भरपूर आहे. कुणी ‘आमच्या कल्चरने (तयार जिवाणूंच्या मिश्रणाने) सीओडी नव्वद टक्के उतरतो’ म्हणालं, तर त्याला तुमचंच पाणी देऊन लेखी चाचणी मागा.

एका नमुन्यावर मात्र डिझाइन करू नका. ऑगस्टचा नमुना पावसाने पातळ झालेला असतो. मेच्या शेवटी, पहिल्या मोठ्या पावसानंतर आणि सप्टेंबरअखेर असे तरी नमुने घ्या. ते साचलेल्या डबक्यातून न घेता जिथे पाणी ढिगातून बाहेर पडतं तिथून घ्या. सीओडी आणि अमोनियाच्या बाटलीत सल्फ्युरिक आम्ल घालून पीएच दोनच्या खाली न्या. बीओडीची बाटली आम्लाविना, बर्फात ठेवा. क्लोराइड आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलण्याची क्षमता) मागायला विसरू नका. क्लोराइड जास्त असलं की सीओडीचा आकडा फुगतो, हे प्रयोगशाळेला आधी सांगावं लागतं. आणि एक गोष्ट मनाशी धरा: पाऊस बाहेर ठेवला की उरलेलं पाणी घट्ट होईल. अमोनिया ९०० चा १,५०० झालेला दिसेल आणि कुणीतरी म्हणेल की परिस्थिती बिघडली. बिघडलेली नसते. रोज किती किलो बाहेर पडतं ते बघायचं. रोजच्या १५ घनमीटरमध्ये ९०० प्रमाणे साडेतेरा किलो अमोनिया नायट्रोजन जातो, पाच घनमीटरमध्ये १,५०० प्रमाणे साडेसात किलो.

टँकरचा पर्यायही किलोमध्येच तपासू. रोज २० घनमीटर नेलं, तर ५० लाख लिटरमध्ये ते अर्धा टक्कासुद्धा नाही, म्हणून सगळ्यांना ते निरुपद्रवी वाटतं. पण २० घनमीटरमध्ये ९०० प्रमाणे १८ किलो अमोनिया नायट्रोजन आहे. गावच्या सांडपाण्यात लिटरला ३५ मिलिग्रॅम धरलं तर त्या केंद्रावर रोज १७५ किलो येतो. म्हणजे पाण्याने ०.४ टक्के, पण अमोनियाने दहा टक्के भर पडली. एक किलो अमोनिया नायट्रोजनचं नायट्रेट करायला साडेचार किलोहून थोडा जास्त ऑक्सिजन आणि सात किलोहून जास्त अल्कलिनिटी लागते. १८ किलोला रोज ८० किलोच्या वर ऑक्सिजन झाला. त्या केंद्राच्या ब्लोअरमध्ये (हवा देणाऱ्या यंत्रात) तेवढा दम शिल्लक आहे का, हे तिथल्या ऑपरेटरला विचारल्याशिवाय ठरवू नका. शिवाय सार्वजनिक गटारात सोडायच्या लीचेटला अमोनिया नायट्रोजनची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आहे, तेव्हा आधी प्रक्रिया करावीच लागेल आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगीही घ्यावी लागेल. आणीबाणीत, तळं भरून वाहायला लागलं तर, थोडं थोडं करून रात्रीच्या कमी भाराच्या वेळी नेणं मी समजू शकतो. कायमची व्यवस्था म्हणून नाही.

आरओबद्दल माझं मत वाईट नाही. लीचेटसाठी बनवलेली डिस्क-ट्यूब प्रकारची यंत्रणा असेल तर स्वच्छ पाणी नक्की मिळतं. ओढ्यात सोडायला सीओडी २५०, टीडीएस २,१०० आणि अमोनिया ५० या मर्यादा गाठायच्या असतील, तर तुमच्या पाण्याला शेवटी आरओच लागेल. पण आरओ काही नष्ट करत नाही, फक्त वेगळं करतं. पन्नास घनमीटरमधून ७५ टक्के स्वच्छ पाणी मिळालं तर साडेबारा घनमीटर रिजेक्ट रोज उरतं, मूळच्या चौपट घट्ट. ते कुठे जाणार? प्रस्तावात ‘डेपोवर पुनर्वापर’ असं लिहिलेलं असेल. त्याचा अर्थ तेच मीठ आणि तोच अमोनिया ढिगावर ओतायचा. तो खाली झिरपून पुन्हा प्लांटमध्ये येतो आणि दरवर्षी पाणी आणखी खारट होत जातं. तुमच्या ढिगाला तर अस्तरही नाही, तेव्हा त्यातलं बरंचसं परत न येता जमिनीत जाईल. अस्तर नसलेल्या ढिगावर लीचेट किंवा रिजेक्ट फिरवायचं नाही, या बाबतीत मी तडजोड करत नाही.

मग करायचं काय? उन्हाचा उपयोग करायचा. उजनी धरणाचं किती पाणी उन्हाळ्यात हवेत जातं ते आपण दरवर्षी बघतो. आपल्याकडे उघड्या पाण्यावरचं वर्षाचं बाष्पीभवन पावसाच्या तिपटीच्या आसपास आहे. तळ्यावर पडणारा पाऊस वजा केला आणि खाऱ्या पाण्याची वाफ सावकाश होते हे धरलं, तरी वर्षाला निव्वळ ७० सेंटिमीटर उतरायला हरकत नाही. रोजचे पाच घनमीटर म्हणजे वर्षाचे १,८०० घनमीटर. त्याला २,६०० चौरस मीटर, म्हणजे २६ गुंठे तळं लागतं. उलट, कंपनीच्या आकड्याप्रमाणे रोज ५० घनमीटर आरओ वर्षभर चालवलं तर नुसतं रिजेक्ट वाळवायला दीड एकराहून जास्त जागा लागेल. साडेसात एकरांच्या आवारात २६ गुंठे निघू शकतात. ओढ्यात एक थेंबही न सोडण्याचं ध्येय सोलापुरात परवडतं, म्हणून तेच ठेवा.

फक्त लीचेट सरळ वाफेच्या तळ्यात सोडू नका. अमोनिया हवेत उडेल आणि वाऱ्याच्या दिशेला असलेल्या वस्तीला तो वास असह्य होईल. आधी साठवण तळं, मग हवा देणारी छोटी टाकी, मग उथळ वाफेचं तळं असा क्रम ठेवा. साठवण तळं खोल आणि मोठं हवं, दीड-दोन हजार घनमीटरचं, कारण पाणी येतं चार महिन्यांत आणि टाकीला ते वर्षभर सारखं द्यायचं असतं. त्याच्या काठाला भरपूर उंची ठेवा. ऑक्टोबर २०२० मध्ये परतीच्या पावसाने आपल्याकडे काय केलं ते आठवून ती उंची ठरवा. हवेच्या टाकीत अमोनियाचं नायट्रेट होतं. नायट्रेटचा पुन्हा निरुपद्रवी नायट्रोजन वायू करायला जिवाणूंना खाद्य लागतं आणि तुमच्या पाण्यात ते नाही. एक किलो नायट्रोजनला चार-पाच किलो सीओडीचं खाद्य बाहेरून द्यावं लागतं. इथे साखर कारखान्याची मळी (मोलॅसिस) मिळते आणि ती चालते, मात्र ती ठेवायला उत्पादन शुल्क खात्याची परवानगी लागते. तळं पक्कं असेल आणि पाणी बाहेर जाणारच नसेल तर ही पायरी काही काळ पुढे ढकलता येते. गळतीची शंका असेल तर टाळू नका, कारण नायट्रेट मातीत अडत नाही, पाण्याबरोबर थेट विहिरीत जातं.

चुन्याने पीएच ११ पर्यंत चढवून हवेच्या मनोऱ्यात अमोनिया उडवण्याची पद्धतही कुणी सुचवेल. आपल्या उष्णतेत ती चांगली चालते. पण चुन्याचे थर पाइपात साचतात आणि उडालेला अमोनिया आम्लात पकडला नाही तर नुसती जागा बदलते. लहान नगरपरिषदेला ती सांभाळणं जड जातं.

तळ्यात शेवटी गाळ आणि मीठ उरेल. १,८०० घनमीटरमध्ये लिटरला १२ ग्रॅम धरले तर वर्षाला वीस-बावीस टन. हा आकडा अंदाजपत्रकात आधीच लिहा. तपासणीत हा गाळ घातक निघाला तर तो रांजणगावच्या घातक कचरा केंद्रासारख्या अधिकृत ठिकाणी पाठवावा लागेल आणि वाहतुकीचा खर्च दरवर्षी येत राहील. मी जी तळी निकामी झालेली पाहिली ती बहुतेक याच कारणाने: पहिल्या चार वर्षांत गाळ काढण्याची तरतूदच नव्हती.

प्रक्रिया केलेलं पाणी झाडांना देऊ का, असं तुम्ही पुढे विचाराल. जमिनीवर सोडायला क्लोराइड ६०० आणि टीडीएस २,१०० ची मर्यादा आहे. १२,००० टीडीएसचं पाणी कितीही हवा दिली तरी १२,०००च राहतं. काळ्या जमिनीला ते दोन-तीन हंगाम दिलंत तर ती चोपण, म्हणजे क्षारांनी घट्ट, होईल, आणि चोपण झालेली जमीन सुधारणं किती अवघड असतं हे उसाच्या पट्ट्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा.

इथवरचं कामाच्या क्रमाने मांडायचं तर: आधी वरचा चर, मग ढिगाला उतार आणि माती, त्याच वेळी नमुने, मग अस्तराचं तळं, मग हवेची टाकी. एक पावसाळा मोजमाप झाल्याशिवाय यंत्राची निविदा नको. तळ्याच्या तोंडाशी साधी व्ही-नॉच पट्टी (प्रवाह मोजायची, इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच असलेली) बसवून रोज सकाळी उंची लिहून ठेवली तर त्या वहीतले आकडे कुठल्याही सल्लागाराच्या अहवालापेक्षा भारी ठरतात.

दोन गोष्टी राहिल्या. ओला कचरा डेपोत येणंच थांबलं तर नव्या लीचेटचं मूळ जातं. तो वेगळा घेऊन काँक्रीटच्या ओट्यावर, छपराखाली कंपोस्ट करा. त्या ओट्याचं पाणी वेगळ्या हौदात घ्या आणि नव्या, तापलेल्या राशींवरच परत शिंपडा. उन्हाळ्यात राशींना नाहीतरी पाणी लागतंच. तयार खतावर मात्र नको. जुना ढीग बायोमायनिंगने (कचरा उपसून, चाळून वेगळा करण्याच्या पद्धतीने) उपसायचा झाला तर ऑक्टोबर ते मे या काळातच उपसा. पावसाळ्यात उघडा ढीग ठेवणं म्हणजे आपणच काळं पाणी तयार करणं. त्यातून निघणारी बारीक माती धातू आणि क्षार तपासल्याशिवाय शेतात जाऊ देऊ नका, मागायला लोक आले तरी. आणि लीचेटच्या हौदात कुणालाही, कितीही थोड्या वेळासाठी, उतरू देऊ नका. आत मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड साठतो. पंप वर ओढून घेता येईल असाच बसवा.

विहिरींचं काम मात्र प्लांट, निविदा कशाचीही वाट न बघता या आठवड्यात सुरू करा. आपला खडक बेसाल्ट. पाणी त्यात सरसकट पसरत नाही, भेगांनी धावतं. त्यामुळे डेपोला लागून असलेली विहीर चांगली आणि दोन शेतं पलीकडची खराब असं होऊ शकतं. जवळची विहीर बरी आहे म्हणून लांबच्या शेतकऱ्याची तक्रार खोटी ठरवू नका. ओढ्याकाठच्या सगळ्या विहिरी आणि बोअर, शिवाय डेपोच्या वरच्या अंगाची किमान एक विहीर घ्या, कारण आपल्याकडे काही विहिरींचं पाणी मुळातच मचूळ असतं आणि तुलनेशिवाय काही सिद्ध होत नाही. क्लोराइड, विद्युतवाहकता, अमोनिया आणि नायट्रेट तपासा. खालच्या विहिरीत क्लोराइड आणि अमोनिया वरच्यापेक्षा स्पष्ट जास्त असतील तर ते डेपोचंच पाणी समजून चला. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर गेलं असेल तर ते पाणी प्यायला आणि लहान बाळांच्या दुधात वापरायचं नाही, हे त्या घरी जाऊन सांगा आणि त्याच दिवसापासून पिण्याच्या पाण्याचा टँकर सुरू करा. अहवालाची प्रत प्रत्येक विहीरमालकाच्या हातात द्या, आकडे चांगले आले तरी आणि वाईट आले तरी.